आठ वारांचा नवरदेव

प्रिय मावशी,

मी मूळचा साताऱ्याचा, वय ३१, गेली सहा वर्षं ग्लासगोला नोकरी करतो. येत्या ऑगस्टमध्ये माझं लग्न आहे. मुलगी स्कॉटिश, तिचं माहेर इन्व्हर्नेसजवळ. तिकडचं लग्न झालं की डिसेंबरात साताऱ्यात आपल्या पद्धतीने पुन्हा लग्न. दोन्ही घरांना हे मान्य आहे, म्हणजे परवापर्यंत होतं.

परवा तिच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, लग्नात तू किल्ट (तो स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख) घाल, आमच्या घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे घराण्याच्या ठरलेल्या चौकड्याच्या कापडाचा. त्यांचे डोळे पाणावले होते, म्हणून मी हो म्हणून बसलो. रात्री व्हिडिओ कॉलवर घरी सांगितलं. आई आधी हसली, मग म्हणाली, "परकर नेसून बोहल्यावर उभा राहणार का?" बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा एका ओळीचा मेसेज आला : "घरजावई झालास की काय?" आत्या म्हणते, हे इंग्रजांचे चाळे. चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं की असले कपडे घातले की पुरुषत्वावर परिणाम होतो.

खरं सांगू? मलाही नको वाटतंय. माझे पाय काटक्यांसारखे आहेत, शाळेत मला 'बगळा' म्हणायचे. ती म्हणते, किल्टमध्ये तुला बघून मी नव्याने प्रेमात पडेन. ते ऐकून तर पोटात गोळाच येतो. तिच्या मैत्रिणी आत्तापासूनच 'आत काय घालणार' म्हणून खिदळतात. पण पँट घातली तर अख्ख्या हॉलमध्ये पँटवाला मी एकटाच, आणि तोही नवरा! दुसऱ्याच्या घराण्याचं कापड मी घालावं का, तेही कळत नाही. काय करू?

बगळा, ग्लासगो

*

बगळ्या,

(नाव तूच घेतलंस, म्हणून तेच वापरते.) तुझं पत्र वाचताना मी दोनदा हसले आणि एका ओळीपाशी थांबले. हसले ते परकराला आणि काटक्यांना. थांबले ते बाबांच्या मेसेजपाशी. तिथे परत येऊच, आधी सोपं सोपं उरकून घेऊ.

आईपासून सुरुवात. किल्ट म्हटलं की आपल्याकडे परकर, घागरा असंच काहीतरी आठवतं, त्यात तिचा दोष नाही. तिला एवढंच सांग की पुऱ्या किल्टला आठ वार कापड लागतं. आजीच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी! हे ऐकलं की आपल्या बायका एकदम गंभीर होतात, कारण कापडाचा आणि निऱ्यांचा हिशेब त्यांना पुरुषांपेक्षा फार चांगला कळतो. त्या आठ वारांतलं बहुतेक सगळं मागच्या निऱ्यांत जातं. पुढे नुसते दोन सपाट पदर एकावर एक येतात. आणि निऱ्या अशा घालायच्या की टार्टनचा चौकडा मोडता कामा नये. एवढं दुमडून शिवल्यावरही मागून बघणाऱ्याला चौकडा सलग दिसला पाहिजे. आईला किल्टच्या मागच्या बाजूचा एक जवळून काढलेला फोटो पाठव. परकराचा विषय पुन्हा निघणार नाही, उलट शिलाई किती घेतात ते विचारेल.

जुना किल्ट तर शिवलेलाही नसायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँड्समधले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले पुरुष एक लांबलचक लोकरी कापड निऱ्या घालून कंबरेशी पट्ट्याने आवळायचे, उरलेलं खांद्यावर टाकायचे आणि रात्री तेच पांघरून झोपायचे. धोतर आणि घोंगडी एकाच कापडात उरकली म्हण ना! त्यातला कंबरेखालचा भाग वेगळा होऊन आजचा आटोपशीर किल्ट झाला तो अठराव्या शतकात. राहता राहिलं बाईचं आणि पुरुषाचं. आपल्या आज्या-पणज्या कासोटा घालून नऊवारी नेसायच्या. धोतर नेसलीस म्हणून त्यांना कोणी हटकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आत्याबाईंचं जरा लांबून सांगावं लागेल. तुझ्या सासुरवाडीपासून फार लांब नाही, इन्व्हर्नेसच्या पूर्वेला कलोडनचं मैदान आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी तिथे हायलँडर बंडखोरांचा लंडनच्या सरकारी फौजेने तासाभरात चुराडा केला. (सरकारच्या बाजूने लढणारे स्कॉटिश लोकही त्यात होते. आपल्या इतिहासात तरी कधी सगळे एका बाजूला होते?) त्यानंतर कायदाच आला : हायलँडच्या पुरुषांनी हा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं सातासमुद्रापार हद्दपारी. १७८२ मध्ये तो कायदा उठला. मधल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत किल्ट राजरोस घालायचा तर एकच वाट होती, सरकारी फौजेत भरती व्हायचं. तेव्हा आत्याला सांग, हे ज्यांचे चाळे म्हणतेस त्यांच्याच राजाच्या सरकारने यावर बंदी घातली होती.

पण तिच्यापुढे फार ताठ होऊ नकोस. त्याच फौजेत गेलेले हायलँडर पुढे आपल्याकडेही आले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँडर पलटणी उभ्या होत्या. त्या लढाईची खूण म्हणून ७८ नंबरवाल्यांच्या बिल्ल्यावर हत्ती आला. ज्याचा पोशाख हिरावला गेला तोच पुढे दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. आत्याच्या म्हणण्यात कणभर तथ्य आहे, तेवढं तिला देऊन टाक.

चुलतभावाला उत्तर द्यायची खरं तर गरज नाही, पण मला राहवत नाही. तुमच्या ग्रुपवर जे फिरतंय त्याच्या नेमकं उलट म्हणणारा लेख २०१३ मध्ये 'स्कॉटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. एका डच संशोधकाचा. तर्क साधा आहे : पुरुषाच्या त्या भागाला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो, घट्ट पँटीत तो मिळत नाही, किल्टमध्ये मिळतो, म्हणून किल्ट बीजाला पोषकच असावा. मात्र त्याने किल्टवाल्यांना रांगेत उभं करून मोजमाप घेतलं नव्हतं, आधीची माहिती गोळा करून अंदाज बांधला होता. म्हणून तूही हा लेख पुरावा म्हणून नाचवू नकोस. आणि हवेशीर कपड्याचा जो फायदा असेल तो आपल्या लुंगी-धोतराला हजार वर्षं मिळतोच आहे, लोकसंख्या बघ.

आता काटक्या.

आम्ही अकरा वर्षं ॲबर्डीनला होतो, यांची नोकरी समुद्रातल्या तेलाच्या कामात. यांच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात सगळ्या पुरुषमंडळींनी किल्ट घालायचं ठरलं. आमच्या ह्यांनी भाड्याने आणला. घरी दार लावून स्वतःच चढवला आणि मोठ्या दिमाखात बाहेर आले. मीसुद्धा पुढे बसून निऱ्या नीट केल्या, एकसारख्या लावल्या, दोन पावलं मागे होऊन बघितलं आणि छान म्हणाले. चर्चच्या पार्किंगमध्ये उतरलो तर एक ऐंशीच्या घरातले आजोबा यांच्याकडे टक लावून बघतायत. मग जवळ आले, एक अक्षर न बोलता यांना दंडाला धरून गाडीच्या मागे घेऊन गेले आणि पाच मिनिटांनी परत आणलं. किल्ट उलटा घातला होता. निऱ्या पुढे! "अगं, निऱ्या पुढेच असतात ना!" हे मला मराठीत म्हणाले. धोतरावर वाढलेला माणूस, दुसरं काय होणार?

हे सांगितलं ते हसण्यासाठी नाही (हस, हरकत नाही), त्यानंतरच्या गोष्टीसाठी. आमचे हे आयुष्यभर पोक काढून चालणारे. फोटोत दोन्ही हात खिशात. त्या दिवशी त्यांनी हात खिशात घालायला खाली नेले आणि खिसाच नाही. किल्टला खिसे नसतात; जे काही ठेवायचं ते पुढे लटकणाऱ्या कातडी बटव्यात, त्याला स्पॉरन म्हणतात. हात बिचारे दोनतीनदा खिसा शोधून आले आणि शेवटी शरीराच्या बाजूला सरळ सुटले. किल्ट पँटपेक्षा बराच वर, बेंबीच्या पातळीला बांधतात, त्यामुळे पोट आत जातं आणि पाठ आपोआप सरळ होते. मागे दीड-दोन किलो लोकर झुलत असते, म्हणून माणूस फरफटत चालू शकत नाही, पाऊल उचलून टाकावं लागतं. बसायचं तर मागच्या निऱ्या हाताने सारख्या करूनच. एक एक हालचाल लक्ष देऊन. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मी त्या दिवशी या माणसाकडे वळून वळून पाहत होते.

पाय? पाय मला आठवतच नाहीत. दिसतातच किती? किल्ट गुडघ्याच्या मध्यापर्यंत, खाली जाड लोकरीचे मोजे गुडघ्याच्या खाली तीन-चार बोटांपर्यंत, वर त्यांची दुमड. मधे उघडा राहतो तो वीतभरसुद्धा नाही. पोटऱ्या तर त्या मोज्यात कोणाच्याही भरलेल्याच वाटतात. काटक्या झाकायला याहून सोयीचा पोशाख मला माहीत नाही, तुझ्या जिममधल्या हाफ पँटीपेक्षा तर नक्कीच. तरी लाज वाटली तर राजाची आठवण ठेव. १८२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला होता, आणि त्या लठ्ठ राजाने किल्टखाली अंगाच्या रंगाची तंग विजार चढवली होती. पाय दिसू नयेत म्हणून की थंडीसाठी, देव जाणे. लोक त्या गुलाबी विजारीला दोनशे वर्षं हसतायत. उघड्या गुडघ्यांना कोणी हसलं नसतं.

आणि हेच माझं म्हणणं आहे, ते इथेच सांगते. किल्ट अर्धवट घालता येत नाही. खाली किल्ट, वर शेरवानी आणि पायात स्पोर्ट शूज असं करून 'मी गंमत म्हणून घातलाय' असं चेहऱ्याने सांगत फिरलास, तर तो पोशाख तुझ्या अंगावर सोंग होईल. ज्यांच्या घराण्यात तो जपला गेला त्यांना ते बोचेल आणि साताऱ्याला गेलेल्या फोटोंत तू बहुरूपी दिसशील. घालायचा तर पुरा : जाकीट, वेस्टकोट, स्पॉरन, मोजे, मोज्यांवर लटकणाऱ्या रंगीत पट्ट्या, जिभेशिवायचे ते लांब नाड्यांचे बूट, सगळं. नाहीतर सरळ पँट. टार्टनचीच पँट असते, तिला ट्रूज म्हणतात, तीही तिथली जुनी चाल आहे आणि लग्नात कोणी भुवई उंचावणार नाही. म्हणजे किल्ट नाकारलास तरी तू 'पँटवाला एकटा' राहशील पण परका ठरणार नाहीस.

पण ठरवायच्या आधी दुकानात जाऊन एकदा चढव. तिला घेऊन जा. एक तास घालून बस, ऊठ, जिना चढ. तुला किल्ट नकोय की बगळा म्हणवून घेणं नकोय, हे त्या तासात कळेल. आणि जाता जाता तिला ती शाळेतली गोष्ट सांग. पत्रावरून मला पक्कं वाटतंय की तू ती सांगितलेली नाहीस. 'नव्याने प्रेमात पडेन' हे ती लाडाने बोलली, तू ते परीक्षेसारखं घेतलंस. तिला माहीतच नाही की तू कशाला घाबरतोयस, मग ती तरी काय करणार? ज्या बाईशी जन्म काढायचा तिच्यापासून दोन काटक्या कशाला लपवायच्या, एवढ्या दिवसांत तिने पाहिल्या नसतील असंही नाही.

मैत्रिणींच्या प्रश्नावर. आत अंडरवेअर घालायची. विषय संपला. 'खरा स्कॉट आत काही घालत नाही' हा विनोद फौजेतल्या गप्पांपासून चालत आलाय आणि ज्याला चालवायचा त्याने चालवावा. भाड्याने देणारे दुकानदार तर स्वच्छतेसाठी हात जोडूनच सांगतात. शिवाय संध्याकाळी नाच असणार. त्याला तिकडे 'केली' म्हणतात. (पहिल्यांदा आमंत्रण वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "कोणी केली? काय केली?") त्यात 'स्ट्रिप द विलो' नावाचा एक प्रकार आहे. दोन रांगा, आणि तुम्ही एकेकाच्या दंडात दंड अडकवून गरगर फिरत खालपर्यंत जायचं. आठ वार लोकर गरगर फिरली की काय होतं ते तुला फुगडी बघून माहीत असेलच. तेव्हा अंडरवेअर, आणि गडद रंगाची.

एक गोष्ट मात्र मी हसत सांगणार नाही. पार्टीत दोन पेग झाले की काहीजणी किल्टवाल्या पुरुषाचा किल्ट मागून उचलून बघतात आणि सगळे हसतात. ही थट्टा नव्हे. बाईच्या पदराला हात लावला तर आपण काय म्हणू? तेच इथेही म्हणायचं. त्या खिदळणाऱ्या मैत्रिणींना तुझ्या होणाऱ्या बायकोने आधीच सांगून ठेवावं, आणि तरी कोणी हात घातला तर तू नवरदेव आहेस म्हणून हसत सोसायचं नाही.

आता तुझा प्रश्न, दुसऱ्याच्या घराण्याचं कापड. कायद्याने कोणालाही कुठलाही टार्टन घालता येतो. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्याने स्वतःसाठी राखला आहे आणि लोक तो संकेत पाळतात. अमुक चौकडा अमुक घराण्याचाच, ही शिस्तसुद्धा बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. स्वतःला राजवंशाचे म्हणवणाऱ्या दोन भावांनी १८४२ मध्ये जुन्या हस्तलिखितावरून काढलेलं म्हणून घराण्यांच्या टार्टनचं एक भारी पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट निघालं, पण त्यातले कितीतरी टार्टन आजही त्या त्या घराण्यांत मानाने मिरवतात. (आपल्याकडच्या काही वंशावळी आठवल्या, पण मी गप्प बसते.) कुठल्याच घराण्याचा नको असेल तर 'ब्लॅक वॉच'सारखे सर्वांना चालणारे टार्टन आहेत. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवहीही आहे, नवा टार्टन रचून त्यात नोंदवता येतो. स्कॉटलंडच्या शिखांचा सिंग टार्टन आहेच. उद्या सातारकर टार्टन निघाला तर मला कळव.

पण तुझ्या बाबतीत प्रश्न परवानगीचा नाहीच. ज्यांचं कापड तेच देतायत.

आणि म्हणूनच बाबांना झोंबलं. नीट बघ. तिकडची जुनी रीत अशी की लग्न लागलं की नवऱ्याच्या घराण्याचा टार्टनचा पट्टा नवरीच्या खांद्यावर पिनेने लावतात. म्हणजे तू आता आमची. आपल्याकडे सासरचं नाव, सासरचं मंगळसूत्र. तुझे सासरे याच्या उलट करतायत, सासरचं कापड जावयाच्या अंगावर घालतायत. तुझ्या बाबांना टार्टनची काडीची माहिती नसेल, पण अर्थ त्यांना एका मिनिटात कळला. आई कपड्याला हसली. बाबांनी कपडा सोडून दिला आणि पाच हजार मैलांवरून त्यांना जे खरं दिसतंय ते लिहिलं : मुलगा तिकडचा झाला.

त्यांना फोन कर. ग्रुपवर नको, मेसेजवर नको, आईच्या मार्फत तर अजिबात नको. आणि किल्टचा इतिहास सांगत बसू नकोस, वर मी सांगितला तो आत्यासाठी होता. त्यांना म्हण, बाबा, एक काम आहे, ते तुम्हीच करू शकता.

काम असं. किल्टच्या वरच्या पदराच्या खालच्या कोपऱ्यात, उजवीकडे, एक मोठी पिन लावतात, किल्ट-पिन. दागिनाच असतो तो, तलवारीचा, काटेरी फुलाचा, कसलाही आकार चालतो. काही घरांत ती वडिलांनी मुलाला दिलेली असते. तुझी पिन साताऱ्यात तुमच्या घरच्या सोनाराने घडवावी. चांदीची, कुयरीच्या आकाराची.

कुयरी का, ते तुला ग्लासगोत राहून कळायला हवं होतं. तुझ्या घरापासून सात-आठ मैलांवर पेझली गाव आहे. काश्मिरी शालींवरची कुयरी युरोपात गेली, एकोणिसाव्या शतकात पेझलीच्या विणकरांनी तिच्या नकलेच्या शाली इतक्या विणल्या की इंग्रजीत त्या नक्षीलाच गावाचं नाव पडलं. आणि स्कॉटिश नववधू लग्नानंतर पहिल्यांदा चर्चला जायची तेव्हा खांद्यावर ती पेझली शाल घेऊन जायची. तुझ्या आजेसासूच्या आजीच्या पेटीत एखादी असेलही, विचारून बघ. आपल्या आईच्या शालूवर, देवघरातल्या रांगोळीत, मेंदीत हीच कुयरी. म्हणजे ही पिन दोन्ही घरांत कोणालाच परकी नाही, आणि ती बाबांच्या हातून येईल. ऑगस्टमध्ये समारंभाआधी तीच पिन बाबांनी स्वतः लावायची. सासरे कापड देतील, बाबा पिन लावतील. बाबा येऊ शकणार असतील ना रे? पत्रात तू लिहिलं नाहीस. व्हिसाचं आत्ताच बघ.

सासऱ्यांशीही एकदा नीट बोल. पाणावलेल्या डोळ्यांना घाबरून दिलेला होकार दोघांनाही पुरत नाही. एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर कलोडनला जा. मैदानावर घराण्यांच्या नावांचे दगड आहेत, १८८१ मध्ये बसवलेले, त्यांच्या घराण्याचाही असेल कदाचित. पानिपतावर आपला माणूस जसा गप्प होतो तसे ते तिथे गप्प होतील. कलोडन आणि पानिपत यांत पंधराच वर्षांचं अंतर आहे. मग सांग त्यांना, माझ्या वडिलांना असं असं वाटलं. मुलीच्या बापाला हे समजावून सांगावं लागत नाही.

साताऱ्याचं थोडक्यात. तिथे तू किल्ट घालू नकोस. तिथे धोतर, मुंडावळ्या आणि भटजी सांगतील ते. मुंडावळ्या बांधून किल्ट ही कल्पना कोणी मांडली तर तिथल्या तिथे मोडून काढ. सासऱ्यांना मात्र किल्टमध्येच येऊ दे, डिसेंबरात ती लोकर सोसवेल, मे महिना असता तर मी नको म्हणाले असते. देवापुढे बसताना स्पॉरन आणि पट्टा काढावा लागेल, कातडं असतं, हे त्यांना आधी सांग म्हणजे ऐनवेळी ओशाळणार नाहीत. त्यांच्या मोज्यात खोचलेली छोटी सुरी, स्कीअन डू, विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. स्कॉटलंडमध्ये पोशाखाचा भाग म्हणून तिला कायद्यात सूट आहे, विमानतळावर नाही. सरळ घरीच ठेवायला सांग. आणि बाबांनी त्यांना फेटा बांधावा. दुकानातला टोपीसारखा तयार फेटा नको, डोक्यावर बसून बांधलेला.

तुझी,
मावशी

ता. क. भाड्याचा किल्ट ऑगस्टसाठी आत्ताच नोंदव, तिकडे तो लग्नांचा हंगाम असतो. माप देताना पँटची कंबर सांगू नकोस, टेप बेंबीवर धर, नाहीतर ऐनवेळी बकल लागणार नाही. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचले तर पहिल्या गिरकीला कापड फाटतं. म्हणून सोनाराला सांग, हलकी कर आणि टोक बोथट नको. आणि त्या दिवसांत तळ्याकाठी 'मिज' नावाचे बारीक किडे असतात. फोटोग्राफर संध्याकाळी तिथे उभं करणारच, तेव्हा गुडघ्यांना आधी काहीतरी चोळून जा.